ऑस्कर घरी आणण्याआधी

दुकानातला दीड-दोन इंचांचा ऑस्कर फार गोजिरवाणा दिसतो. काळसर अंगावर केशरी नक्षी, गोल टपोरे डोळे. काचेजवळ बोट नेलं की बाकीचे मासे पळतात, हा मात्र पुढे येऊन बघतो. पोरं तिथेच हट्ट धरतात. दुकानदार दोन फुटी टँक, रंगीत खडी, एक फिल्टर आणि ऑस्करची ‘जोडी’ बांधून देतो. हाच मासा वर्षभरात दहा-बारा इंचांचा होईल, नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं तुमच्या घरात राहील आणि दोन फुटी टँकमध्ये त्याला धड वळताही येणार नाही, हे सहसा कोणी सांगत नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात राहणाऱ्याने ऑस्कर घ्यावाच की नाही, आणि घेतलाच तर कसा ठेवावा, याचा विचार पैसे देण्याआधी करायचा.

आधी मासा ओळखू. याचं शास्त्रीय नाव अ‍ॅस्ट्रोनोटस ओसेलेटस. लुई अगासी या शास्त्रज्ञाने १८३१ मध्ये त्याची पहिली नोंद केली, तेव्हा हा समुद्रातला मासा आहे अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात तो दक्षिण अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला रहिवासी. मोठ्या प्रवाहाच्या जोरात तो रमत नाही. संथ फाटे, पुराने भरलेली तळी, पाण्यात पडलेल्या झाडांच्या फांद्यांखालचा काळोख या त्याच्या जागा. ब्राझीलमधल्या मनौस शहराजवळ नदीची पातळी वर्षभरात साधारण दहा मीटरने वरखाली होते. पाणी चढलं की ते जंगलात शिरतं आणि पाण्यामागोमाग मासेही झाडांच्या बुंध्यांमधून फिरू लागतात. बारके मासे, कोळंब्या, किडे, अळ्या, अधूनमधून झाडपाला असं मिळेल ते ऑस्कर खातो. तो डोळ्यांनी शिकार हेरतो, म्हणजे तो दिवसाचा मासा आहे. हे पुढे तुमच्या कामाच्या शिफ्टबद्दल बोलताना उपयोगी पडेल.

शेपटीच्या बुडाशी केशरी कड असलेला काळा ठिपका असतो, अगदी डोळ्यासारखा. त्याच्या मुलखात इतर माशांचे पर आणि शेपट्या कुरतडणारे पिरान्हा असतात. हा खोटा डोळा त्यांना चकवतो आणि लचका टळतो, असं अभ्यासकांचं मत आहे. दुकानातल्या लाल किंवा पांढऱ्या ऑस्करमध्ये हा ठिपका पुसट होतो किंवा दिसतच नाही. हे रंग माणसाने निवडून वाढवलेले आहेत. माझी पसंती विचाराल तर मूळ रंगाच्या जवळचा, ज्याला दुकानात टायगर म्हणतात तो.

ऑस्कर सिक्लिड कुळातला. या कुळातला एक भाऊबंद गोव्याच्या आणि कोकणाच्या खाड्यांमध्ये आपल्या ओळखीचा आहे, काळुंदर. दुसरा आफ्रिकेतून आलेला तिलापिया, ज्याला उजनी धरणाच्या काठावर चिलापी म्हणतात. या कुळाची खूण म्हणजे घशातला दुसरा जबडा, ज्याने कठीण कवचही भरडता येतं, आणि पिल्लं सांभाळणारे आईबाप. ज्याला पिल्लं राखायची त्याला जागा राखावी लागते, आणि ज्याला जागा राखायची तो भांडखोर असणारच. ऑस्कर टँकमधली खडी उपसतो, झाडं मुळासकट उपटतो, दगड ढकलतो. तुम्ही रविवारी सजावट केलीत तर सोमवारी ती त्याच्या मनाप्रमाणे झालेली असेल. त्याच्याशी वाद घालू नका. मोठे गुळगुळीत दगड थेट तळाच्या काचेवर बसवा, एखादं जाड लाकूड ठेवा आणि बाकी मोकळी जागा सोडा. काचेचा हीटर तो आपटून फोडू शकतो, म्हणून हीटरला प्लॅस्टिकची जाळी हवीच. वर झाकणही हवं, कारण हा उडी मारतो.

त्याला रुसायचीही सवय आहे. टँक हलवला, पाणी जास्त बदललं, शेजारी नवा मासा आला की तो कोपऱ्यात आडवा पडतो, रंग काळपटतो, दोन दिवस खात नाही. नवा मालक घाबरून औषधाच्या बाटल्या ओततो. आडवं पडणं ही ऑस्करची मूळचीच लकब आहे. मेल्याचं सोंग घेऊन बारके मासे जवळ येऊ द्यायचे आणि गिळायचे, असंही तो करतो. श्वास नेहमीच्या गतीने चालला असेल, अंगावर डाग किंवा कापूस लागल्यासारखं काही नसेल, तर पाणी तपासा आणि त्याला एकटं सोडा.

टँक केवढा?

एका ऑस्करला चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक ही खालची मर्यादा. त्यात साधारण २५५ लिटर पाणी मावतं. दोघांसाठी चार बाय दोन बाय दोन, म्हणजे साडेचारशे लिटर. दुकानातल्या दोन फुटी टँकमध्ये जेमतेम ५५ लिटर पाणी असतं. ‘टँक जेवढा तेवढाच मासा वाढतो’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. खराब पाण्यात त्याची वाढ खुंटते, कणा वाकतो आणि तो लवकर मरतो, एवढाच त्या वाक्याचा अर्थ आहे.

साडेचारशे लिटर पाण्याचं वजन साडेचारशे किलो. काच आणि लोखंडी स्टँड धरला तर पाच क्विंटलच्या वर. मोशी-चिखलीतल्या सोसायटीत भाड्याने राहत असाल तर आधी घरमालकाला विचारा आणि टँक खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, बीमच्या वर येईल असा ठेवा. खराबवाडी, महाळुंगे, निघोजे भागातल्या खोल्यांमध्ये चार-पाच जण मिळून राहतात, तिथे तळमजला असेल तरच हा विचार करावा. दर सहा महिन्यांनी खोली बदलणाऱ्याने तर करूच नये. टँक हलवणं हे बाडबिस्तरा हलवण्यापेक्षा अवघड काम आहे.

जागा नाही, पण दक्षिण अमेरिकेचा सिक्लिडच हवा आहे? मग तीन फुटी उंच टँकमध्ये एंजल ठेवा, किंवा दोन फुटीत रामिरेझीची जोडी. रामिरेझी दोन इंचांच्या पुढे जात नाही आणि तोही पिल्लं राखताना तितकाच शूर असतो.

पाणी

हा पट्टा पाण्याच्या बाबतीत एकसारखा नाही. महापालिकेचं पाणी प्रामुख्याने पवना धरणाचं. रावेतला उचलून निगडीत शुद्ध होऊन येतं, आणि नोव्हेंबर २०१९ पासून शहरात ते एक दिवसाआड मिळतं. नव्या सोसायट्यांत आणि चाकणच्या गावांत बोअर आणि टँकरवर बरंच चालतं. बोअरचं पाणी आपल्या काळ्या कातळातून येतं, ते बहुधा जड असतं. ऑस्करचं मूळ पाणी मऊ आणि किंचित आंबट, पण तुम्हाला मिळणारा मासा अ‍ॅमेझॉनमधून आलेला नसतो. आपल्याकडे शोभेच्या माशांची पैदास मोठ्या प्रमाणावर चेन्नईच्या कोळत्तूर भागात आणि कोलकात्याच्या आसपास होते. तिथल्या हौदांत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला ऑस्कर जड पाणीही सोसतो. त्याला सोसत नाही तो सततचा बदल. या आठवड्यात नळाचं, पुढच्या आठवड्यात टँकरचं, मग पुन्हा नळाचं, असं करू नका. जे पाणी वर्षभर खात्रीने मिळेल त्यावरच टँक चालवा.

दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, म्हणजे मोठ्या टँकसाठी दीडशे लिटर. एक दिवसाआड नळ असलेल्या घरात त्यासाठी दोनशे लिटरचा ड्रम लागतोच. नळ आला की ड्रम भरा, त्यात एअर स्टोन सोडा आणि चोवीस तास चालू ठेवा. क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारण्याचे थेंब मिळतात. ड्रम मात्र नवा घ्या. आपल्या भागात, विशेषतः कुदळवाडी-चिखलीच्या भंगार बाजारामुळे, कारखान्यांतून निघालेले निळे ड्रम स्वस्तात मिळत आले आहेत. त्यांत आधी काय होतं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कूलंट, रंग किंवा डिग्रीझर असलेला ड्रम कितीही धुतला तरी माशासाठी वापरू नये. आरओचं निव्वळ शुद्ध पाणीही वापरू नका, त्यात क्षार फारसे उरत नाहीत.

नव्या टँकमध्ये पहिल्याच दिवशी मासे सोडणं ही सर्रास होणारी चूक. माशाच्या विष्ठेतून आणि श्वासातून अमोनिया बाहेर पडतो. तो डोळ्यांना दिसत नाही, वासही बहुधा येत नाही. फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक असं नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कोणाच्या चालू फिल्टरमधला मळका स्पंज मिळाला तर काम लवकर होतं. अमोनियाचं टेस्ट किट घ्या. शोभेच्या बुडबुड्यांच्या खजिन्यापेक्षा त्यावर पैसे घालवणं शहाणपणाचं. आणि स्पंज कधीही नळाखाली धुऊ नका, टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळा.

गुरुवार आणि गेलेली वीज

औद्योगिक पट्ट्यात गुरुवार सुट्टीचा आणि त्यामुळे वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीचाही. पावसाळ्यापूर्वी तर गुरुवारी वीज चार-पाच तास जाणं नवीन नाही. अशा वेळी लोक माशाकडे बघून घाबरतात, पण ऑस्कर सहसा तग धरतो. पुराच्या उथळ तळ्यांमध्ये रात्री प्राणवायू जवळजवळ संपतो, आणि या माशाचं शरीर त्याला सरावलेलं आहे. तो हालचाल कमी करतो, शरीराची गरजच खाली आणतो. प्रयोगांमध्ये प्राणवायू शून्याच्या आसपास असतानाही तो तास न् तास जगलेला आहे.

आधी मरतं ते फिल्टरमधलं जिवाणूंचं जग. बंद डब्यातल्या फिल्टरमध्ये पाणी खेळायचं थांबलं की काही तासांत आतला प्राणवायू संपतो, जिवाणू मरू लागतात. वीज आल्यावर तेच सडकं पाणी टँकमध्ये येतं आणि दोन दिवसांनी मासा धापा टाकतो. म्हणून लांबलचक वीज गेली की फिल्टर उघडून स्पंज टँकच्या पाण्यात सोडा, बॅटरीवरचा एअर पंप लावा, आणि वीज आल्यावर फिल्टरचं पहिलं पाणी बादलीत काढून फेका. घरात इन्व्हर्टर असेल तर एअर पंप त्यावर घ्या. त्याला अगदी थोडी वीज लागते. हीटर मात्र इन्व्हर्टरवर टाकू नका.

हीटरची गरज इथे डिसेंबर-जानेवारीत लागते. पाणी २४ ते २८ अंश असावं. पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो तेव्हा उघड्या गॅलरीतला टँक धोक्यात येतो, कारण १३ अंशांच्या खाली ऑस्कर जगत नाही. लिटरला एक वॅट हा अंदाज आपल्या हवेला पुरतो. एप्रिल-मेमध्ये उलटं. झाकण थोडं उघडून जाळी लावा आणि पाण्यावर छोटा पंखा सोडा.

आणखी एक इथलाच धोका. पवना-इंद्रायणीत जलपर्णी माजली की डास वाढतात आणि महापालिकेची धूरफवारणी सुरू होते. त्या धुरातली कीटकनाशकं माशांना फार घातक असतात, आणि एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलत असतो. फवारणीचा आवाज आला की खिडक्या बंद करा, एअर पंप बंद करा, टँकवर ओली चादर टाका. घरातल्या डासांच्या स्प्रेलाही हेच लागू.

खाणं आणि झोप

दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच द्यावं. ऑस्कर तुम्हाला ओळखायला लागतो, तुम्ही दिसलात की काचेवर येऊन नाचतो, आणि घरातल्या प्रत्येकाला वाटतं की तो उपाशी आहे. घरात पाच माणसं असतील तर पाचदा जेवण होतं. डबा एकाच्याच ताब्यात ठेवा. आठवड्यातून एक दिवस उपास घडवा. गुरुवारी वीज जातेच, तर तोच दिवस धरावा. पोटही हलकं आणि पाणीही.

मुख्य अन्न म्हणजे मोठ्या माशांसाठीचे चांगले पेलेट. त्यात क जीवनसत्त्व असलं पाहिजे, कारण ऑस्करला ते अन्नातूनच मिळवावं लागतं. ते कमी पडलं तर कल्ल्यांची झाकणं आणि जबडा वेडेवाकडे होतात, कणा वाकतो. हे जीवनसत्त्व हवेत आणि उष्णतेत नासतं. म्हणून पोत्यातून सुटं मिळणारं स्वस्त खाद्य टाळा. बंद डबा घ्या, तारीख बघा, दोन-तीन महिन्यांत संपेल एवढाच घ्या.

जोडीला सोललेली ताजी कोळंबी, उकडून साल काढलेला मटार, घरच्या गांडूळखताच्या वाफ्यातली गांडुळं चालतात. कारखान्याच्या नाल्याकाठची गांडुळं नकोत. सुकट आणि सोडे खारट असतात, तेही नकोत. चिकनची कलेजी अनेक जण हौसेने घालतात, पण कोंबडीची चरबी माशाला नीट पचत नाही. जिवंत ‘फीडर’ गोल्डफिश टाकून मित्रांना तमाशा दाखवण्याचा प्रकार तर बंदच करावा. त्या माशांबरोबर रोग येतात आणि त्यांच्या मांसातला एक घटक ऑस्करचं ब जीवनसत्त्व नष्ट करतो.

सेकंड शिफ्ट संपवून रात्री बारा-साडेबाराला घरी येणाऱ्यांसाठी एक विनंती. येताक्षणी टँकचा लाइट लावू नका. तळाशी टेकून झोपलेला मासा दचकतो आणि काचेवर आपटतो. शिफ्ट दर आठवड्याला फिरते तशी माशाची वेळ फिरवू नका. पाचशे-सातशे रुपयांचा टायमर लावा, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा उजेड ठेवा. खाणं त्याच उजेडात, तुम्ही नाईटला असाल तर घरातल्या दुसऱ्याच्या हातून. दिवाळीत कंपनीला सुट्टी लागते आणि आपण गावी जातो. मोठा, धडधाकट ऑस्कर आठवडाभर न खाता सहज राहतो. शेजाऱ्याला डबा देऊन जाण्यापेक्षा काहीही न घालण्याची सूचना देऊन जा. निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदला, एवढं पुरे.

आजारांबद्दल थोडक्यात. डोक्यावर बारीक खड्डे पडू लागले तर बहुतेक वेळा कारण खराब पाणी आणि निकस अन्न असतं. आधी तेच सुधारा. मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले तर पाण्याचं तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत न्या आणि हवा वाढवा. मिथिलिन ब्ल्यू मुख्य टँकमध्ये ओतलं तर फिल्टरचे जिवाणू मरू शकतात. औषध करायचं ते वेगळ्या टबात.

नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत. दुकानात मिळालेली ‘जोडी’ दोन नरांची किंवा दोन माद्यांचीही असू शकते. खरी जोडी जमली तर ती सपाट दगड चाटून साफ करते आणि हजार-दोन हजार अंडी घालते. दोघं मिळून पहारा देतात. थोडं गार पाणी घालून मोठा बदल केला की अनेकदा त्यांना पुराची चाहूल लागल्यासारखं होतं आणि अंडी पडतात. पण हजार पिल्लं कोणाला देणार? शेजाऱ्यांपैकी किती जणांकडे चार फुटी टँक आहे? अंडी काढून टाकणं यात क्रूरपणा नाही.

नदीत सोडू नका

मासा मोठा होतो, टँक लहान पडतो, बदली होते किंवा कंत्राट संपतं. मग कोणीतरी सुचवतं, पवनेत सोडून दे, तेवढंच पुण्य. आळंदी-देहूची इंद्रायणी जवळ असल्यामुळे हा विचार इथे जरा जास्तच सहज येतो. कोणी मोशीच्या जुन्या खाणींच्या पाण्याचा पर्याय काढतं.

ज्या गुणामुळे ऑस्कर गुरुवारची गेलेली वीज सोसतो, तोच गुण नदीत धोक्याचा ठरतो. सांडपाण्याने प्राणवायू घटलेल्या पाण्यात स्थानिक मासे गुदमरतात, आणि अशा पाण्यात तग धरायची तयारी ऑस्करच्या शरीरात आधीपासूनच आहे. आपल्या नद्यांचं पाणी हिवाळ्यातही त्याला मारण्याइतकं गार होत नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात १९५० च्या दशकात सोडलेले ऑस्कर आजही तिथल्या पाणथळींत वस्ती करून आहेत. पवना दापोडीला मुळेला मिळते, इंद्रायणी तुळापूरला भीमेला, आणि दोन्हींचं पाणी शेवटी उजनीत जातं. १९५२ मध्ये भारतात आणलेल्या तिलापियाने उजनीत स्थानिक माशांचं काय केलं ते तिथल्या मच्छीमारांना विचारा. आणि दर उन्हाळ्यात महापालिका जी जलपर्णी पैसे खर्चून काढते, तीही मूळची अ‍ॅमेझॉनच्याच खोऱ्यातली.

ऑस्कर सांभाळणं जमेनासं झालं तर ज्या दुकानातून घेतला तिथे परत द्या, पैसे मागू नका. काही दुकानदार मोठे मासे ठेवून घेतात. हे विकत घेतानाच विचारून ठेवा, आणि दुकानदाराने नाही म्हटलं तर दुसरं दुकान बघा. मासे पाळण्याची हौस असलेल्या आपल्या कंपनीतल्या सहकाऱ्यांना विचारा, ज्यांच्याकडे मोठा टँक आहे त्यांना द्या. मासा खंगलेला असेल तर पशुवैद्याचा सल्ला घ्या. पण पवना, इंद्रायणी, खाण, तलाव, सोसायटीचा नाला, यांतल्या कुठेही एकही ऑस्कर सोडू नका.